सॉल्व्हर ‘नाही’ म्हणाला, आता ग्राहकाला काय सांगाल?

ड्युटी चार्ट बनवून देण्याची सर्व्हिस सुरू करायचीय? मग ‘झेड-थ्री’ बघाच. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा हा लॉजिक सॉल्व्हर 2015 पासून एमआयटी लायसन्सखाली खुला आहे. धंद्यासाठी वापरला तरी फी नाही. त्याच्या पायथॉन एपीआयमध्ये तुम्ही नियम लिहायचे, उत्तर तो शोधतो.

समजा, पनवेलमधली एक सोसायटी. आठवड्याच्या 21 ड्युट्या, वॉचमन 4, प्रत्येकाला जास्तीत जास्त 5. म्हणजे 20च भरल्या! सॉल्व्हर ‘अनसॅट’, म्हणजे ‘जमत नाही’, सांगून मोकळा. पण सेक्रेटरींना तेवढ्याने काय कळणार?

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी घाला:

1. कारण: प्रत्येक नियम ‘असर्ट अँड ट्रॅक’ने नाव देऊन टाका. मग ‘अनसॅट कोअर’मध्ये एकमेकांना अडवणाऱ्या नियमांची नावं मिळतात.

2. पर्याय: 5ची मर्यादा ‘पुश’नंतर घाला. ‘पॉप’ केलं की ती निघते, बाकी नियम तसेच राहतात. आता एकाला 6 देऊन बघा. जमलं!

3. दुरुस्ती: व्हर्जन लॉक करा. नवं व्हर्जन वेगळं, तरीही बरोबर उत्तर देऊ शकतं. पण अचानक चार्ट बदलला तर वॉचमन चिडणारच. अपडेटआधी जुन्या केसेस चालवून बघा.

लक्षात ठेवा, सॉल्व्हर फुकट आहे. ग्राहक पैसे देतो ते ‘का जमत नाही आणि मग काय करू’ याच्या उत्तराचे. आजच एका सोसायटीचे नियम कागदावर उतरवा!