कोटाची ट्रायल बसून घ्या

टीव्हीवरच्या चर्चेसाठी किंवा मुलाखतीसाठी कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी ट्रायलच्या वेळी आधी स्टुलावर बसवतो. समोर टेबल सरकवतो आणि दोन्ही हात त्यावर ठेवायला सांगतो. आरसा नंतर. उभ्या माणसाला झकास बसलेला कोट खुर्चीत टेकल्यावर वर सरकतो, खांदे फुगतात, कॉलर मानेपासून सुटते. आणि स्टुडिओतला कॅमेरा बराच वेळ छातीपासून वरचाच भाग दाखवत असतो.

गिरगावातल्या आमच्या दुकानात वकील येतात, डॉक्टर येतात. जानेवारीअखेरीस अर्थशास्त्राची मंडळी येतात, कारण २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो आणि त्या दिवशी प्रत्येक वाहिनीला तज्ज्ञ हवे असतात. अशाच एका प्राध्यापकांनी माप देताना सांगितलं, ‘‘मास्तर, मुंढा सैल ठेवा. बोलताना माझे हात फार हलतात.’’

ही समजूत जवळजवळ सगळ्यांची असते आणि ती उलटी आहे. मुंढा खोल कापला की बाही कोटाच्या अंगाला खूप खाली जोडली जाते. मग हात उचलला की बाहीबरोबर कोटाची अख्खी बाजू वर येते. मुंढा काखेजवळ, उंच आणि बेताचा कापला तर हात उचलल्यावर फक्त बाही हलते, कोट जागचा हलत नाही. सरांना मी तयार कपड्यातला एक सैल कोट आणि आमचा कच्च्या टाक्यावरचा कोट, असे दोन्ही घालून टेबलावर हात पुढे करायला लावले. पहिल्यात मानेमागे चार बोटं जातील एवढी फट पडली. दुसऱ्यात शर्टाच्या कॉलरची पट्टी जेवढी दिसायला हवी तेवढीच दिसत राहिली. ‘‘आता पटलं,’’ म्हणाले, आणि खडूच्या खुणा होईपर्यंत तसेच बसून राहिले.

बसल्यावर कोटाची मागची कड खाली ओढून तिच्यावरच बसायचं, ही बातम्या देणाऱ्यांची जुनी युक्ती. ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ या १९८७ च्या इंग्रजी चित्रपटात एक निवेदक दुसऱ्याला नेमकी हीच शिकवतो. तिने खांद्याची रेघ सरळ राहते. मात्र पाठीला पुरेशी लांबी असेल तरच ती साधते, म्हणून आखूड कोटाची फॅशन कॅमेऱ्यासाठी मी कुणाला सुचवत नाही.

कापडाचं म्हणाल तर बारीक चौकडी, बारीक रेघा आणि हेरिंगबोन टाळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बिंदूंच्या सरळ रांगा असतात. कापडाची बारीक नक्षी त्या रांगांशी जुळत-न जुळत आली की पडद्यावर लाटा उठतात, कधी रंगीत पट्टेही दिसतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर सरकवले की असंच होतं. दुकानात उभ्याउभ्या याची परीक्षा करता येते. ठाण उलगडायला सांगा, आठ-दहा फुटांवरून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि फोन हळूहळू पुढे-मागे न्या. कापड थरथरलं तर ते परत गुंडाळायला सांगा, मग ते कितीही भारी असो. मी साधं, चमक नसलेलं, हलक्या वजनाचं वूल पहिल्यांदा दाखवतो. ते दिव्यांखाली श्वास घेतं आणि मांडीवरच्या चुण्या लवकर सोडतं. चकचकीत टेरीवूल दिव्यात खांद्यावर पांढरं पडतं.

रंगात पांढऱ्याशुभ्र शर्टाचा हट्ट सोडावा, हे मी कळकळीने सांगतो. आपल्याकडे बहुतेकांचे चेहरे सावळे किंवा गव्हाळ. शेजारी लख्ख पांढरं असलं की कॅमेरा त्या उजेडाला आवर घालायला जातो आणि चेहरा आणखी काळवंडतो. फिका निळा किंवा मोतिया घ्या. कोट काळ्याऐवजी गडद निळा घ्या, काळ्यात कॉलरचा आणि बाहीचा घाट बुडून जातो. हिरव्या पडद्यासमोर बसायचं असेल तर हिरवी टायसुद्धा नको. पडद्याबरोबर संगणक तीही पुसून टाकतो आणि छातीवर मागचं चित्र उमटतं.

कॉलरबद्दल एक जुना दाखला सांगतो. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांचा पहिला दूरचित्रवाणी वादविवाद झाला. त्याआधी निक्सन गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात होते. वजन उतरलं होतं, शर्ट गळ्याशी सैल पडला होता आणि फिकट राखाडी सूट मागच्या भिंतीत मिसळून जात होता. केनेडींचा गडद सूट उठून दिसला. निवडणूक कपड्यांवर ठरली असं मी म्हणणार नाही. पण आजारातून उठलेल्या माणसाचं माप नव्याने घ्यायचं असतं, आणि मागचा पडदा कोणत्या रंगाचा आहे हे वाहिनीला आधी विचारायचं असतं, एवढं त्यातून प्रत्येक शिंप्याने घ्यावं.

कानाचाही विचार करा. कडक कांजीचा खादी झब्बा देखणा दिसतो, पण गळ्याशी लावलेल्या माइकमध्ये त्याची चुरचुर प्रत्येक श्वासाला ऐकू येते. झब्बाच घालायचा असेल तर कांजी नको, आणि वर बंडी घाला. माइकच्या चिमट्याला तिच्या कडेचा आधार मिळतो. कोटाच्या अस्तराला मी आतून छोटी नाडी लावून देतो, वायर तिच्यातून खाली जाते. ट्रान्समीटर कमरेला मागे अडकवतात, म्हणून पँटला पट्टा हवाच.

पैसे थोडे असतील तर ते खांदा, कॉलर आणि छातीच्या आतल्या कॅनव्हासवर घाला. बाहीची लांबी आणि कंबर नंतरही दुरुस्त होते, कारण शिवणीत माया ठेवलेली असते. खांदा चुकला तर कोट जवळजवळ उसवावाच लागतो. जुना कोट दुरुस्तीला आणणाऱ्यांना मी हे पहिल्या भेटीतच सांगतो.

कार्यक्रमाचं पत्र आलं की लगेच या, आदल्या आठवड्यात नको. येताना त्या दिवशी घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घेऊन या.