टू-स्ट्रोक डिझेल इंजिन श्वास कसं घेतं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्यासमोर जुनी स्कूटर येते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागून निळा धूर सोडत जायचं. आज त्या इंजिनाबद्दल बोलायचं नाहीये. जगातली सगळ्यात मोठी आणि इंधनाच्या बाबतीत सगळ्यात काटकसरी इंजिनंसुद्धा टू-स्ट्रोकच आहेत, पण ती डिझेलची. मुंबई बंदरात, न्हावाशेव्याला जी मोठी मालवाहू जहाजं लागतात त्यांच्या पोटात बहुतेक हीच असतात. आपल्या रेल्वेतही ती आहेत. मी आयुष्याची बरीच वर्षं या इंजिनांच्या शेजारी काढली, आणि एक गोष्ट शिकलो. ही इंजिनं इंधनावाचून क्वचित अडतात. ती अडतात हवेवाचून.

आधी साधा हिशोब करू. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार फेऱ्या मारतो. हवा आत घे, दाब, जाळ, धूर बाहेर ढकल. श्वास घ्यायला एक अख्खी फेरी, सोडायला दुसरी. टू-स्ट्रोकमध्ये या दोन फेऱ्या गायब. दाब आणि जाळ, एवढंच. मग धूर बाहेर कधी जायचा आणि ताजी हवा आत कधी यायची? पिस्टन तळाला पोहोचतो आणि परत वर निघतो त्या मधल्या वेळात, दोन्ही कामं एकदमच.

किती वेळ मिळतो? आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीजी-४ हे इंजिन घ्या. मूळ अमेरिकन ईएमडी कंपनीचं, १९९९पासून आपल्याकडे आलं आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. १६ सिलिंडर, ४००० अश्वशक्ती. त्यातल्या डिझेलचं नाव ७१०, कारण एका सिलिंडरचं आकारमान ७१० घनइंच, म्हणजे साधारण साडेअकरा लिटर. पूर्ण जोरात ते मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १५. हवेची भोकं, ज्यांना आपण पोर्ट म्हणतो, ती फेऱ्याच्या जेमतेम पाव भागापुरती उघडी असतात. म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात साडेअकरा लिटरच्या पिंपातला धूर काढायचा आणि ते ताज्या हवेने भरायचं, आणि हे सेकंदाला पंधरा वेळा. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

चढायचं आणि उतरायचं एकदम

या कामाला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. आपण 'विसळणं' म्हणू या. दादरला संध्याकाळची लोकल आली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उतरणारे आणि चढणारे एकाच दारात. काही उतरणारे आतच राहतात आणि पुढच्या स्टेशनला जातात. सिलिंडरमध्ये आत राहिलेला धूर म्हणजे हे न उतरलेले प्रवासी. त्यांनी जागा अडवली, तेवढी हवा कमी आली, तेवढं इंधन नीट जळणार नाही.

दुसराही एक प्रकार होतो. चढलेला माणूस धक्क्याने परत बाहेर. ताजी हवा आत येते आणि कामाला न लागता सरळ धुराच्या वाटेने निघून जाते. ती दाबायला ब्लोअरने शक्ती खर्च केली, ती पाण्यात.

यावर एक आकडा सांगतो, घरी जाऊन पडताळून बघा. समजा, सिलिंडरमध्ये मावेल बरोबर तेवढीच ताजी हवा आपण आत सोडली. ती धुराला न मिसळता पुढे ढकलत गेली तर सिलिंडर शंभर टक्के साफ. पण ती येताक्षणी धुरात मिसळत गेली आणि ते मिश्रण बाहेर पडत राहिलं, तर शेवटी आत ताजी हवा उरते फक्त ६३ टक्के. दुप्पट हवा सोडली तरी ८६ टक्के. म्हणजे नुसती जास्त हवा कोंबून भागत नाही. हवा कोणत्या वाटेने जाते, यावर सगळं आहे.

हवेची वाट

वाटा मुख्यतः दोन. पहिल्या पद्धतीत हवेची आणि धुराची, दोन्ही पोर्ट सिलिंडरच्या खालच्या बाजूला. हवा एका बाजूने शिरते, वर जाते, वळसा घेऊन खाली येते आणि धुराला बाहेर ढकलते. याला लूप म्हणतात. फायदा असा की वर झडप नाही, यंत्रणा साधी. तोटा असा की दोन्ही पोर्ट पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच झाकतो. धुराचं पोर्ट हवेच्या आधी उघडायला हवं म्हणून ते उंच ठेवावं लागतं. जे आधी उघडतं तेच शेवटी झाकतं. त्यामुळे हवेची वाट बंद झाली तरी धुराची उघडीच, आणि पिस्टन वर येताना आलेली हवा त्यातून निसटते.

दुसरी पद्धत युनिफ्लो. हवा खालून, लायनरच्या चहूबाजूंच्या पोर्टांतून, आणि धूर वरून, झडपेतून. सगळा प्रवाह एकाच दिशेला. एका दाराने चढा, दुसऱ्या दाराने उतरा. शिवाय झडप कॅमवर चालते, त्यामुळे ती कधी उघडायची आणि कधी मिटायची हे ठरवणं आपल्या हातात.

अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली १९३०च्या दशकात याच पद्धतीची विंटन २०१-ए इंजिनं तयार झाली. १९३४ साली बर्लिंग्टन झेफर ही चकचकीत पोलादी गाडी असंच ६०० अश्वशक्तीचं इंजिन घेऊन डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि हजार मैलांवरच्या शिकागोला त्याच संध्याकाळी पोहोचली. आपल्या डब्ल्यूडीजी-४ चं इंजिन त्याच घराण्यातलं.

जहाजांमध्ये मात्र दोन्ही पद्धती बरीच वर्षं शेजारी नांदल्या. डेन्मार्कचे बी अँड डब्ल्यू युनिफ्लोवाले, स्वित्झर्लंडचे सुल्झर लूपवाले. मग इंधन महागलं. इंधन वाचवायचं तर पंखा मोठा आणि सावकाश फिरायला हवा, त्यासाठी इंजिनाचे फेरे कमी आणि पिस्टनचा पल्ला लांब हवा. पल्ला लांबला तसा लूपमधल्या हवेला जाऊन-येऊन दुप्पट प्रवास, आणि वरचा कोपरा साफ होईना. १९८०च्या दशकात सुल्झरनेही आरटीए मालिकेत लूप सोडून युनिफ्लो घेतलं. आरटीए-९६सी या इंजिनाचा सिलिंडर ९६० मिलिमीटर रुंद आणि पल्ला अडीच मीटर. एका सिलिंडरमध्ये अठराशे लिटर! इतक्या उंच विहिरीत हवा एका दिशेनेच जायला हवी.

तांब्या विसळताना

आता भोवरा, म्हणजे स्वर्ल. तांब्या विसळताना आपण काय करतो? थोडं पाणी घालतो आणि गोल फिरवतो. सरळ ओतलं तर कडेला चिकटलेलं निघत नाही. इथेही तसंच. पोर्ट सरळ मध्याकडे न रोखता तिरके कापतात. हवा कडेला धरून शिरते आणि गोल फिरत वर चढते.

याचं दुसरं काम विसळण्यापेक्षाही महत्त्वाचं. डिझेलमध्ये इंधन अगदी शेवटच्या क्षणी फवारलं जातं. प्रत्येक थेंबाभोवतीची हवा जळून संपते, आणि नवी हवा आली नाही तर उरतं ते काजळी होतं. मोठ्या जहाजी इंजिनात वरच्या झाकणाच्या मधोमध झडप असते, म्हणून दोन किंवा तीन नोझल कडेला बसवतात. भोवऱ्यामुळे प्रत्येक फवाऱ्याला सतत ताजी हवा भेटत राहते. चूल फुंकताना फुंकणी निखाऱ्यावर धरतो, नुसती चुलीच्या आसपास नाही, तसंच हे.

मग पोर्ट जितके तिरके तितकं चांगलं का? नाही, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात. तोटे तीन. एक, पोर्ट तिरकं केलं की हवेला मिळणारी खरी वाट अरुंद होते, तेवढीच हवा ढकलायला दाब जास्त लागतो. दोन, थंड हवा जड, धूर गरम आणि हलका. भोवरा जोरात असला की जड हवा कडेला फेकली जाते आणि धूर मध्यभागी खांबासारखा उभा राहतो. विसळायला गेलो आणि मधलं तसंच राहिलं! तीन, भिंतीला घासून फिरणारी हवा भिंतीला उष्णता देते, ती उष्णता कामाची गेली. म्हणून मोठ्या युनिफ्लो इंजिनांत हा कोन मध्यम ठेवतात, साधारण १५ ते २५ अंश. शिवाय भोवरा खालून वर जाताना मंदावतो, तोही हिशोब धरावा लागतो.

हवा कोण ढकलतं?

हे इंजिन स्वतः हवा ओढू शकत नाही, ढकलणारा कोणीतरी लागतो. जुन्या जीएम इंजिनांवर दोन पात्यांचा किंवा तीन पात्यांचा रूट्स ब्लोअर असायचा. तो क्रँकवर चालतो, म्हणजे इंजिनाचीच शक्ती खातो. टर्बो धुरातल्या वाया जाणाऱ्या शक्तीवर फिरतो, पण सुरू करताना धूरच नसतो. ईएमडीने यावर छान तोडगा काढला. टर्बोला गिअर आणि क्लच लावला. कमी भारावर इंजिन त्याला फिरवतं. भार वाढून धुराला जोर आला की टर्बो गिअरपेक्षा पुढे धावतो आणि क्लच आपोआप सुटतो. जहाजावर सुरुवातीला विजेवरचे सहायक ब्लोअर लावतात.

दाबलेली हवा तापते, म्हणून पुढे कूलर. १५० अंशांची हवा ४० अंशांवर आणली तर त्याच दाबाला ती सुमारे ३५ टक्के घट्ट होते. पण आपल्यासारख्या दमट हवेत फार थंड केली तर पाणी सुटतं, ते सिलिंडरमधलं ऑइल धुऊन काढतं आणि लायनर झिजतो. म्हणून पाणी वेगळं करणारी जाळी आणि तिचा निचरा रोज बघावा लागतो.

जे मी डोळ्यांनी पाहिलं

तरुणपणी मी एका जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. जहाजाचं नाव सांगत नाही. वेळापत्रकाच्या घाईत दोन बंदरांत पोर्ट साफ करायचे राहून गेले. तीन महिन्यांनी चार नंबरच्या सिलिंडरचं धुराचं तापमान हळूहळू चढायला लागलं. लॉगबुकात मी स्वतः ते लिहीत होतो, रोज दोन-चार अंश. लिहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

एका रात्री हवेच्या कोठीचा रंग फोड येऊन सोलायला लागला. आतल्या चिकट ऑइलने आणि काजळीने पेट घेतला होता. चीफ साहेबांनी वेग कमी करायला लावला, त्या सिलिंडरचं इंधन तोडलं, सिलिंडर ऑइल वाढवलं, निचऱ्याच्या वाटा बंद केल्या आणि आम्हाला रिलीफच्या झाकणांपासून दूर उभं केलं. "थंड झाल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही," एवढंच ओरडले. आग विझली, कोणाला काही झालं नाही. सकाळी दार उघडलं तर चार नंबरचे निम्मे पोर्ट कार्बनने अरुंद झालेले, रिंग अडकलेल्या. पोर्ट अरुंद, म्हणून हवा कमी. हवा कमी, म्हणून काजळी जास्त. काजळी जास्त, म्हणून पोर्ट आणखी अरुंद, रिंग अडकली आणि जाळ खाली उतरला. सुरुवात मात्र एका राहून गेलेल्या सफाईने.

म्हणून हवा सुधारायची म्हणजे आधी काय करायचं? फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघा. कूलर साफ ठेवा. एअरबॉक्सचा निचरा बघा. दर संधीला पोर्टमधून बॅटरी मारून रिंग आणि कार्बन तपासा. यात नवीन शोध कोणताच नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, माझ्याकडे भंगारातून घेतलेला जुना टू-स्ट्रोक डिझेल जनरेटर आहे. पोर्ट फाईलने घासून वर वाढवले तर ताकद वाढेल का?*

बाळा, उत्साह चांगला आहे, पण फाईल खाली ठेव. (हशा) पोर्टची वरची कड उचललीस तर दोन गोष्टी होतील. पिस्टन वर येताना पोर्ट उशिरा मिटेल, म्हणजे दाब कमी आणि थंडीत इंजिन सुरू होताना त्रास. आणि खाली जाताना पोर्ट लवकर उघडेल, तेव्हा आतला दाब अजून उतरलेला नसेल. मग हवा आत येण्याऐवजी जळता धूर एअरबॉक्समध्ये शिरेल. शिवाय मधल्या पट्ट्या बारीक झाल्या की रिंग त्यात अडकून तुटतात. आधी ब्लोअरची सीलं, फिल्टर आणि धुराच्या पाइपातला अडथळा बघ. निम्म्या वेळा ताकद तिथेच हरवलेली असते.

*प्रश्न: डिझेल संपत चाललं आहे. हे ज्ञान आता काय कामाचं?*

मेथॅनॉलवर चालणारी मोठी टू-स्ट्रोक इंजिनं आज समुद्रावर आहेत. इंधन बदललं, तरी धूर काढून हवा भरायचं काम तेच आहे, आणि वेळही तेवढाच. तेव्हा पोर्ट साफ ठेवा, आणि लॉगबुकात आकडा लिहिताना कालच्या आकड्याकडेही एकदा बघा. मी तेव्हा बघितलं नव्हतं.