कंपायलर काय गाळतो?

संगणकाची आज्ञावली माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. यंत्राला मात्र शून्य आणि एक या दोन अंकांपलीकडे काही कळत नाही. या दोहोंमधील दुभाषा म्हणजे कंपायलर. मराठीत त्यास संकलक असेही म्हणतात. भाषांतर करता करता तो आणखी एक काम करतो. ज्या क्रियेने उत्तरात काहीच फरक पडत नाही, ती क्रिया तो गाळून टाकतो.

शून्य किंवा एक एवढेच मावणाऱ्या जागेस बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. दोन संख्यांचे बिट एकाखाली एक मांडून 'आणि' ही क्रिया केली, तर दोन्हीकडे एक असेल तेथेच उत्तरात एक उरतो. 255 ही संख्या म्हणजे ओळीने आठ एक. तिच्याशी 'आणि' केले, की दुसऱ्या संख्येचे खालचे आठ बिट तसेच राहतात व वरचे सारे पुसले जातात. ही एक प्रकारची चाळणीच होय. पहिल्याने 15 ची आणि लगेच 7 ची चाळणी लावली, तर 15 ची चाळणी व्यर्थ. 7 ने राखलेले तिन्ही बिट 15 नेही राखलेलेच असतात.

आज्ञावली पुढे कोणत्या संख्यांवर चालेल, हे कंपायलरला ठाऊक नसते. म्हणून तो प्रत्येक बिटापुढे तीनपैकी एक खूण करतो: निश्चित शून्य, निश्चित एक किंवा अज्ञात. एक बाइट 32 बिटांच्या जागेत ठेवताना वरचे 24 बिट शून्यांनी भरले असतील, तर ते 'निश्चित शून्य' ठरतात. मग 255 ची चाळणी खुशाल काढावी.

परंतु तोच बाइट चिन्हासह, म्हणजे ऋण संख्याही धरून, वाचला तर काय होते? आता आठवा बिट एक असल्यास वरचे 24 बिटही एकच होतात. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत आपले 'म' हे अक्षर 224, 164 व 174 अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. यांतील 224 चिन्हासह वाचला, की तो उणे 32 होतो. प्रत्येक बाइट किती वेळा आला याची नोंद 0 ते 255 क्रमांकांच्या कप्प्यांत करणारी आज्ञावली मग उणे 32 व्या कप्प्याकडे जाते आणि भलत्याच जागेत लिहिते. येथे 255 ची चाळणीच तिला वाचवते. इंग्रजी अक्षरांचे बाइट 128 पेक्षा लहान असल्यामुळे केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्यास ही चाळणी निरुपयोगी वाटेल. मराठी मजकूर येताच घात होईल. शिवाय सी भाषेत साधा 'कॅर' चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे यंत्रागणिक बदलते. इंटेल धर्तीच्या यंत्रांवर तो सहसा चिन्हासह असतो, तर एआरएम धर्तीच्या लिनक्स यंत्रांवर चिन्हाविना. एकच चाळणी एकीकडे आवश्यक, दुसरीकडे फोल! तेव्हा लिहिणाऱ्याने ती स्पष्ट लिहावी आणि काढण्याचे काम कंपायलरवर सोपवावे, हे बरे.

वाटा फुटतात तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. एका वाटेने चाळणी आधीच लागलेली असते, दुसरीने नसते. पुढे दोन्ही वाटा मिळाल्यावर ती पुन्हा लावलेली असते. अशी क्रिया अंशतः अनावश्यक होय. दुसऱ्या वाटेवर ती भरून घेतली, की संगमानंतरची गाळता येते. 1979 साली मोरेल व रेन्व्हॉइज यांनी यासाठी रीत सांगितली. मात्र तिच्यातून काही अनावश्यक क्रिया सुटून जात. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डी. एम. ढमढेरे यांनी 1991 च्या आपल्या लेखात तिची सुधारणा मांडली. 1994 मध्ये उदय खेडकर व ढमढेरे यांनी अशा विश्लेषणांचा व्यापक सिद्धान्त प्रसिद्ध केला.

गंमत अशी, की हा हिशेबही बिटांनीच चालतो. प्रत्येक क्रियेसाठी एक बिट राखलेला असतो. ती पूर्वी घडलेली असेल तर तेथे एक, नसेल तर शून्य. दोन वाटा मिळतात तेथे दोन्हीकडचे बिट एकाखाली एक ठेवून कंपायलर 'आणि' करतो, आणि 32 क्रियांचा निकाल एका फटक्यात हाती येतो.