चकाकी आणि टिकाऊपणा

घरांतील स्टेनलेस स्टीलचें भांडें आपण घासून आरशासारखें लखलखीत ठेवितों; आणि जितकें तें गुळगुळीत, तितकें तें गंजापासून सुरक्षित, असें समजतों. पाणी व मीठ ह्यांच्यापुरती ही समजूत खरीहि आहे. परंतु तेंच पोलाद प्रखर उष्णतेंत नेलें म्हणजे हा न्याय कसा उलटतो, हें पाहण्यासारखें आहे.

इ. स. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यानें बंदुकांच्या नळ्यांकरितां टिकाऊ धातु शोधीत असतां शेंकडा १२.८ भाग क्रोमियम असलेलें पोलाद तयार केलें. त्यावर सहसा गंज चढेना. ह्याचें कारण असें कीं, क्रोमियम व प्राणवायु ह्यांच्या संयोगानें पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा बनतो, व तो कवचाप्रमाणें आंतील धातूचें रक्षण करितो. रिकामें भांडें चुलीवर राहिलें असतां त्यावर सोनेरी व निळसर छटा उमटतात. त्या उष्णतेनें जाड झालेल्या ह्याच पापुद्र्याच्या होत.

आतां विद्युत्केंद्रांतील बॉयलरच्या नळ्या घ्या. कित्येक नळ्यांतून सुमारें ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतामानाची वाफ वाहते. अशा वेळीं क्रोमियम पुरेशा त्वरेनें पृष्ठभागीं पोंचलें नाहीं, तर लोखंडच ऑक्सिजनशीं, म्हणजे प्राणवायूशीं, संयोग पावून त्याचे जाड थर सांचतात. बॉयलर थंड होतांना त्यांचे पोपडे सुटतात व नळीच्या वांकणांत अडकून वाफेची वाट कोंडतात. मग नळी अति तापून फुटते. वाफेबरोबर गेलेले कण टर्बाइनचीं पातीं झिजवितात, तें निराळेंच.

ह्यावर योजिलेला एक उपाय ऐकून नवल वाटेल. नळीच्या आंतील बाजूवर बारीक छर्‍यांचा जोराचा मारा करितात! त्यामुळें पृष्ठभागालगतचे स्फटिककण चेचले जाऊन त्यांत असंख्य सूक्ष्म वाटा उत्पन्न होतात. ह्याच वाटांनीं क्रोमियमचे अणु त्वरेनें वर येतात, आणि लोखंडाचा थर माजण्यापूर्वीं अखंड कवच घालितात. उलट, विजेच्या साह्यानें चकचकीत केलेल्या पृष्ठभागाला असा चेचलेला थर नसतो. तेथें क्रोमियम सावकाश येतें, व लोखंडाला आयतीच संधि मिळते.

मात्र ह्या उपायालाहि मर्यादा आहे. उष्णता फारच वाढली, तर चेचलेल्या थरांत नवे स्फटिक जुळून येतात, त्या वाटा बुजतात आणि लाभ ओसरतो.

तात्पर्य, केवळ चकाकीवरून धातूची परीक्षा करूं नये. त्याला कोणत्या कामीं झिजावयाचें आहे, तें आधीं पाहावें. आणि मग त्याचें अंग कसें घडवावयाचें, तें ठरवावें.