पायडलवर चालणारा घण

वखराची पास किंवा विळा घडवताना एक जण सांडशीत तापलं लोखंड धरतो, दुसरा घण मारतो. घिसाडी कुटुंबांत हा घण बहुधा बाईच्या हातात असतो; खांदे आणि कंबर तिचीच झिजते.

यावर उत्तर नागपुरात शोधलं गेलं. डॉ. जे. पी. मोडक आणि सहकाऱ्यांनी १९७९च्या सुमारास विटा पाडायला पायडलचं यंत्र बनवलं. पुढे त्याच तत्त्वावर लोहाराचा घणही चालवून पाहिला. मिनिट-दोन मिनिटं पायडल मारलं की जड फ्लायव्हील ऊर्जा साठवतं. क्लच जोडताच ती काही सेकंदांत बाहेर पडते. सतत पायडल मारणारा माणूस जेमतेम ०.१ अश्वशक्ती देतो. इथे थोडा वेळ ३ ते ७ अश्वशक्तीचं काम निघतं, तेही विजेशिवाय.

अडचण किमतीची आहे. पीएम विश्वकर्मा योजनेत (२०२३) लोहाराला अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. फ्लायव्हील, गिअर, क्लच एवढ्यात बसवणं कठीण. नागपूरपासून ५० किलोमीटरवरच्या रामटेकमध्ये १९८५पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गावच्या वेल्डिंगवाल्याला दुरुस्त करता येईल असा स्वस्त घण तिथल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून जरूर हाती घ्यावा.