पाना, पास आणि पिशवी

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की आपण आधी त्याच्याखाली पातेलं ठेवतो. दोन दिवस ते पातेलं ओतत राहतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींकडे चौकशी, ‘तुमच्याकडे यायचा ना तो प्लंबर, नंबर आहे का त्याचा?’ नंबर मिळतो, फोन लागतो, ‘येतो ताई, अकरापर्यंत’ असं पलीकडून सांगितलं जातं आणि मग सुरू होतं वाट बघणं. अकराचे बारा, बाराचा दीड. घरातली कामं खोळंबलेली, ऑफिसात हाफ-डे टाकलेला. ‘यांना कामं नकोच असतात हो!’ हे वाक्य मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात ऐकायला मिळेल.

काम त्याला हवंच असतं. त्या दोन-अडीच तासांत तो असतो कुठे, हे मात्र आपण विचारत नाही. बहुतेक वेळा तो लोकलच्या दारात, बसच्या रांगेत किंवा खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन रस्त्याने चालत असतो. पाइप पाना, पक्कड, हातोडी, छिन्नी, हॅक्सॉ, ड्रिल मशीन, टेफ्लॉन टेपची रिळं, शिवाय चार सुटे वॉशर आणि स्पिंडल. ही पिशवी एकदा उचलून बघा.

परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसुना सांगतात, तिकडे असा कारागीर स्वतःची व्हॅन घेऊन येतो. शिडीपासून खिळ्यापर्यंत सगळं दुकानच गाडीत. आपल्या उपनगरांत हे जमायचं नाही. गाडी घ्यायला पैसे नाहीत ही गोष्ट वेगळीच, पण घेतली तरी लावणार कुठे? घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनाबाहेर सायकल टेकवायला जागा सापडत नाही आणि सोसायटीच्या फाटकावर ‘बाहेरील वाहनांना प्रवेश नाही’ ही पाटी असतेच. त्यामुळे इथला हा सगळा धंदा पाय, पास आणि फार तर सायकल यांच्यावर चालतो. बस्तान बसलं की जुनी बाइक येते. तीही पहिली काही वर्षं नाहीच.

आणि गाडी नसणं म्हणजे फक्त दमणूक नाही. काम कुठलं मिळणार, किती मिळणार, हे त्यावर ठरतं.

पूर्वी हा माणूस आपल्या मागच्याच चाळीत किंवा वस्तीत राहायचा. हाक मारली की यायचा. जागांचे भाव चढले, वस्त्या उठल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तसा तो नालासोपारा, विरार, दिवा, कल्याणकडे सरकला. घर सरकलं, पण नाव नाही सरकलं. नालासोपाऱ्यात त्याला कुणी ओळखत नाही. बोरिवलीच्या तीन गल्ल्यांत मात्र ‘तो आपला प्लंबर’ म्हणून ओळखतात. म्हणून तो रोज पहाटे उठून स्वतःच्याच जुन्या गल्लीत यायला निघतो. विरारहून गर्दीच्या वेळी सुटलेल्या गाडीतून बोरिवलीला उतरणं म्हणजे काय, हे त्या बाजूच्या मैत्रिणींना सांगायला नको. त्यात खांद्यावर पिशवी आणि पिशवीबाहेर डोकावणारी करवत. मग तो साडेपाच-सहाची गाडी पकडतो, नाहीतर फेरीवाले, डबेवाले आणि मासळीवाल्या मावशींसोबत लगेजच्या डब्यात चढतो. सात वाजता आपल्या गल्लीत पोहोचलेल्या माणसाला पहिली बेल मात्र साडेनऊनंतरच वाजवता येते. मधला वेळ हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर.

ती पायरी म्हणजे खरं तर त्याचं ऑफिस. दुकानदाराकडे आपण नळ घ्यायला जातो आणि ‘बसवायला कुणी आहे का?’ विचारतो. दुकानदार पायरीकडे बोट दाखवतो. नळ दुकानाचा खपतो, मजुरी याला मिळते. कधी त्यातला थोडा वाटा दुकानदाराकडे जातो, कधी वाट्याऐवजी सगळं सामान त्याच दुकानातून घ्यायचं असा अलिखित करार असतो. ‘हा इथलंच सामान का सुचवतो’ म्हणून आपण संशय घेतो, त्यामागचं कारण बहुधा हे असतं.

ज्यांना अशी पायरीही मिळत नाही, ते नाक्यावर उभे राहतात. उपनगरांत असे कामगार नाके सकाळी सात-आठला भरतात. रंगारी पुढ्यात ब्रश आणि रोलर ठेवतो, गवंडी थापी, सुतार करवत. हीच त्यांची पाटी, हीच जाहिरात. कुणी मुकादम येतो, चार जणांना टेम्पोत घालून नेतो. दहा वाजले की नाका विरळ होतो. त्यानंतर उभा असलेला माणूस भाडं खर्चून आला तसाच परत जातो. या नाक्यांवर बायकाही असतात, पण त्यांच्या पुढ्यात हत्यार नसतं, फार तर घमेलं. त्या ‘बिगारी’. वर्षानुवर्षं गवंड्याच्या हाताखाली माल कालवून सगळं काम डोळ्यांनी शिकलेली बाई थापी हातात घेत नाही, म्हणजे तिला घेऊ दिली जात नाही. मजुरी अर्थातच कमी.

फोन आल्यावर चित्र बरंच बदललं. पूर्वी निरोप ठेवायचा म्हणजे दुकानात, पानाच्या टपरीवर किंवा वॉचमनकडे. मोबाइल आले तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्याच सुमाराला हँडसेटही आवाक्यात आले. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! माणूस कुठेही असो, काम त्याच्यापर्यंत पोहोचू लागलं. पण काम पोहोचलं तरी त्याला कामापर्यंत पोहोचायला तीच लोकल आणि तीच बस.

त्यात आपल्या उपनगरांचा नकाशा असा की सगळे रस्ते उत्तर-दक्षिण धावतात. पूर्व-पश्चिम जायचं म्हटलं की घाम फुटतो. घाटकोपरहून अंधेरीला रेल्वेने जायचं तर दादरला जाऊन लाइन बदलायची, नाहीतर अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बसमध्ये तिष्ठायचं. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हे अंतर मिनिटांवर आलं. मात्र मेट्रोच्या दारात पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावी लागते आणि आत करवत-छिन्नी दिसली की प्रश्न विचारले जाऊ शकतात. मुलुंड आणि बोरिवली तर नकाशावर समोरासमोर दिसतात, पण मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. वळसा घालून जाण्यात अर्धा दिवस गेला तर दोनशेच्या कामाला कोण जाणार? म्हणून सेंट्रलवाला सेंट्रलवरच राहतो, वेस्टर्नवाला वेस्टर्नवर. कुणी भाची किंवा मावशी दुसऱ्या लाइनवर राहते म्हणून ‘तिच्याकडेही जाऊन या ना’ असं आपण सहज म्हणतो आणि तो ‘बघतो’ म्हणतो. हा ‘बघतो’ नकारच असतो.

बसचं भाडं हा आपल्याला किरकोळ वाटणारा विषय. बेस्टने २०१९ च्या जुलैत किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं. मे २०२५ मध्ये ते दहा झालं. दिवसाला चार कामं आणि दोन कामांमध्ये एक बस धरली तर हिशेब बदलतो की नाही? मग तो दोन-तीन स्टॉप चालतच जातो.

वेळेचं गणित त्याहून अवघड. सोसायटीत पाणी येतं ठरावीक वेळी. पाणी चालू असताना मेन व्हॉल्व्ह बंद केला तर अख्खी विंग ओरडते. म्हणजे सकाळचा वेळ गेला. दुपारी बऱ्याच सोसायट्यांत दोन ते चार ठोकाठोकी बंद, कारण आजी-आजोबा झोपतात. संध्याकाळी तुम्ही-आम्ही ऑफिसातून येतो तेव्हा ‘आता या’ म्हणतो, तर त्याची परतीची गाडी त्याच वेळची. राहिला रविवार. रविवारी सगळे घरी, म्हणून सगळ्यांची कामं रविवारी. आणि मेगाब्लॉकही रविवारीच! माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की कल्याणहून येणाऱ्याची अकराची वेळ दीडवर जाते, आणि इकडे आपण म्हणतो, शब्द पाळत नाहीत.

पावसाळ्यात तर कहरच. गळती, शॉर्टसर्किट, तुंबलेले पाइप, वर्षातलं सगळ्यात जास्त काम जून-जुलैत, आणि गाड्या बंद पडण्याचे दिवसही तेच.

या सगळ्यावर या लोकांनी आपापली युक्ती काढलेली आहे. एका फेरीत जास्तीत जास्त कामं झाली पाहिजेत, म्हणून प्लंबर पडद्याचे रॉड लावायला शिकतो, इलेक्ट्रिशियन गीझर बसवता बसवता त्याची नळजोडणीही करून टाकतो, सुतार दाराचं कुलूप बदलून देतो. ‘सगळ्या कामांचा माणूस’ असा वेगळा धंदा आपल्याकडे नव्हता. प्रत्येकाचं काम वेगळं, त्यातला उस्ताद वेगळा. प्रवासाने तो धंदा घडवला, असं माझं मत आहे. अडचण एवढीच की कामं वाढली की हत्यारं वाढतात आणि पिशवी जड होते. सुदैवाने एक गोष्ट त्यांच्या बाजूने झाली. लोखंडी जीआय पाइपांच्या काळात आटे पाडायला डाय आणि व्हाइस न्यावा लागायचा, तो उचलायला बरोबर पोऱ्या हवा. आता सीपीव्हीसीचे पाइप कापायचे आणि सोल्युशन लावून जोडायचे. एकटा माणूस लोकलने जाऊन हे काम करू शकतो. त्या पोऱ्याची रोजी गेली, हेही खरंच.

आता फोनवरच्या अॅपवरून माणूस बोलावता येतो. अर्बन कंपनी २०१४ मध्ये अर्बनक्लॅप या नावाने सुरू झाली आणि २०२० मध्ये तिने नाव बदललं. घरात एकटी असणाऱ्या बाईला येणाऱ्याचा फोटो, नाव आधी दिसतं, दर ठरलेला असतो, याचं मोल मी कमी लेखणार नाही. अनोळखी पुरुषाला घरात घ्यायचं म्हणजे आपल्या पोटात धस्स होतंच. पण अॅपला वेळेवर पोहोचणारा माणूस लागतो, आणि ठरलेल्या वेळी गोरेगाव आणि पुढच्या दोन तासांत मालाड गाठायचं तर बुडाखाली बाइक हवी. तिचा हप्ता, पेट्रोल, कंपनीचं कमिशन हे सगळं मजुरीतूनच. ज्याच्याकडे बाइक नाही, त्याच्यासाठी आपली जुनी पद्धतच उरते.

आणि ती पद्धत जवळपास पूर्णपणे बायकांच्या हातात आहे! घरकामाला येणाऱ्या ताईंचा भाचा इलेक्ट्रिशियन असतो. वॉचमनच्या बायकोला रंगारी माहीत असतो. भिशीत, लिफ्टमध्ये, शाळेच्या फाटकावर नंबर दिले-घेतले जातात. ‘चांगला आहे गं, चपला बाहेर काढतो, काम झाल्यावर झाडून घेतो’ हे आपलं एक वाक्य त्याला एका इमारतीत पाच घरं मिळवून देतं. एका इमारतीत पाच घरं म्हणजे एक फेरी, एक भाडं, पाच मजुऱ्या. आणि ‘उद्धट आहे’ या एका वाक्याने पाचही घरं जातात. त्याच्या घरीही धंद्याची अर्धी बाजू बायकोच सांभाळते. तो शिडीवर असताना फोन तिच्याकडे वळवलेला, कुणाकडे कधी जायचं ते वहीत तिने लिहिलेलं. ‘भाभी, यांना पाठवा ना लवकर’ म्हणणाऱ्या आपण तिचं नाव कधी विचारलेलं नसतं.

सरकारदरबारी मात्र हा माणूस मधल्या फटीत पडलेला. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्तीचं कामही धरलं होतं, पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करून घेणारी व्यक्ती कायद्यातून वगळलेली. म्हणजे तुम्ही-आम्ही वगळलेल्या. कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा पुरावा हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही नव्वद दिवसांची अट आहेच. आज दोन तास इथे, उद्या तीन तास तिथे राबणाऱ्याला हा दाखला देणार कोण? सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे त्यात. अठरा धंद्यांच्या यादीत सुतार आहे, गवंडी आहे, कुलूप दुरुस्त करणाराही आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत.

तेव्हा ‘नुसता वॉशर बदलला, त्याचे अडीचशे?’ असं म्हणण्यापूर्वी थोडा हिशेब करून बघा. वॉशरला दहा मिनिटं लागली असतील, त्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड तास आहे. मजुरी आणि येण्याचे पैसे वेगळे ठरवून घेतले तर दोघांनाही बरं पडतं. फोन करतानाच नळाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, नळ कन्सील्ड आहे की बाहेरचा ते सांगा, मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. योग्य स्पिंडल सोबत आला तर त्याची दुकानापर्यंतची एक चक्कर वाचते. समोरच्या आणि खालच्या घरी विचारून दोन कामं जोडून द्या. रविवारी बोलावत असाल तर ब्लॉक कुठे आहे ते सकाळी बघा. आणि सर्व्हिस लिफ्ट बंद असेल तर वॉचमनला खाली फोन करून सांगा, पिशवी घेऊन सात मजले चढायला लावू नका.