ओटीपी आलाच नाही, मग पैसे गेले कसे?

चिकलठाणा एमआयडीसीत पाळी सुटली की जालना रोडवर रिक्षाची वाट पाहणाऱ्या कितीतरी लोकांच्या मोबाइलवर कँडी क्रशसारख्या खेळातल्या रंगीत गोळ्या फुटत असतात. घरी पोचल्यावर तोच मोबाइल मुलांच्या हातात जातो. मग कधीतरी खात्यातून दोनशे, पाचशे, हजार असे पैसे गेलेले दिसतात आणि ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘आम्ही कुणाला ओटीपी दिलाच नाही, म्हणजे खातं हॅक झालं.’

या समजुतीचा मला आता मनापासून राग येतो. तिच्यापायी लोक सिमकार्ड बदलतात, बँकेत भांडतात, सायबर पोलिसांकडे खेटे घालतात आणि पैसे परत मागायची मुदत तेवढ्यात निघून जाते.

ओटीपी कुणाला दिला नाही, हे बहुतेक वेळा खरंच असतं. पण मुलाने खेळात काही विकत घेतलं, तर तो कुणाला द्यावा लागतच नाही. मूल ज्या मोबाइलवर खेळतंय त्याच मोबाइलवर तो येतो आणि पुष्कळदा आकडे आपोआप भरले जातात. यूपीआयचा पिन तर आपण किराणा दुकानात मुलाच्या डोळ्यांसमोरच दाबतो. गुगल प्लेच्या खात्यात आधी भरलेली किंवा गिफ्ट कोडने आलेली रक्कम असेल, तर ती खर्चताना बँकेचा काही संबंधच उरत नाही. तिथे पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, पण प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ती सुरू असायला हवी.

सगळ्यात फसवी वाट सबस्क्रिप्शनची. ‘तीन दिवस मोफत’ असं बटण दिसतं, एकदा मंजुरी दिली जाते आणि दर आठवड्याला किंवा महिन्याला पैसे कापले जाऊ लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पहिल्या मंजुरीनंतर अशा हप्त्यांना पुन्हा ओटीपी किंवा पिन लागत नाही. ही सवलत आधी पाच हजारांपर्यंत होती, जून २०२२मध्ये ती पंधरा हजार रुपयांपर्यंत वाढवली गेली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बंधनकारक आहे. ती येतेही, पण कर्जाच्या आणि रिचार्जच्या मेसेजांच्या ढिगात आपण ती न वाचताच पुसून टाकतो.

तेव्हा पैसे गेले की आधी प्ले स्टोअरमधला खरेदीचा इतिहास उघडा. खरेदीचं नाव, रक्कम, तारीख सगळं तिथे असतं. घरातल्याच कुणाकडून चुकून खरेदी झाली असेल, तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परतावा मागा. पासवर्ड आपणच मुलाला दिलेला असेल, तर मात्र परतावा मिळणं कठीण. त्या इतिहासात काहीच नसेल आणि घरातल्या कुणीही व्यवहार केलेला नसेल, तर तो फसवणुकीचा प्रकार. मग बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. दोन्ही रस्ते वेगळे आहेत. चुकीच्या रस्त्याला लागलं की वेळ जातो आणि पैसेही.

आणि कृपा करून मुलाला झोडपू नका. अमेरिकेत पालकांनी फेसबुकवर भरलेल्या एका खटल्यातली कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०१९मध्ये खुली झाली. अँग्री बर्ड्स खेळणाऱ्या मुलांच्या पालकांना, आपल्या परवानगीशिवाय मूल काही विकत घेऊ शकेल असं वाटलंच नव्हतं, हे त्या कागदांत कंपनीच्याच लोकांनी नोंदवून ठेवलं होतं. नाणी, हिरे, सोन्याच्या विटा ही नावं रुपये डोळ्याआड करण्यासाठीच असतात. पंचविशीतल्या माणसालाही तिथे हिशेब लागत नाही, मग आठ वर्षांच्या पोराला काय लागणार?

ॲप काढून टाकलं की सबस्क्रिप्शन बंद होतं, हाही असाच एक समज. होत नाही, ते प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं रद्द करावं लागतं.

आणि खेळात विकत घेतलेल्या वस्तू कायमच्या आपल्या झाल्या? २००९ साली फेसबुकवर सुरू झालेला फार्मव्हिल हा शेतीचा खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद पडला आणि लोकांनी पैसे ओतून उभी केलेली शेतं त्याच्याबरोबर गेली.

आणखी एक गैरसमज निमंत्रणांचा. कँडी क्रश खेळायची निमंत्रणं मैत्रीण मुद्दाम पाठवून छळते, असंही नाही. जास्तीत जास्त लोकांना विनंत्या जाव्यात अशीच खेळाची रचना होती. ऑक्टोबर २०१५मध्ये मार्क झुकरबर्ग आयआयटी दिल्लीत आले, तेव्हा त्यांना ही निमंत्रणं कशी थांबवायची हा प्रश्न विचारला गेला होता.

‘आता सरकारने गेमवर बंदीच घातलीय’ हेही अर्धवट. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. गोळ्या फोडण्याच्या खेळात जादा जीव विकत घेताना जिंकायला पैसेच नसतात, त्यामुळे ती खरेदी या बंदीत येत नाही. तिथे उपयोगी पडतील ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं. खोटी घाई लावणं, सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणं, सतत पिच्छा पुरवणं अशा तेरा क्लृप्त्यांना त्यांत मनाई आहे. अशी तक्रार करायची असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असेल, तर काम सोपं होतं.